फाइल समोर दिसते, तरी ‘फाइल नाही’ म्हणतो. कोणतं पॅकेज टाकू?

काटेवाला_अंबड:
अंबड एमआयडीसीत आमचा वजनकाटा आहे. जुना पीसी जळाला, नव्यावर ६४ बिट डेबियन १२ लिनक्स टाकलं. पावती छापायचा जुना प्रोग्राम बॅकअपमधून आणला, पण चालवला की ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. अहो, एलएस मारलं की फाइल दिसते, एक्झिक्यूट परमिशनही आहे! ‘फाइल’ कमांडने बघितलं तर ‘३२-बिट’ आणि ‘इंटरप्रिटर /लिब/एलडी-लिनक्स.एसओ.२’ असं येतं. ती फाइल खरंच मशीनवर नाही. फाइल कुठल्या पॅकेजची ते सांगणारं डीपीकेजी -एस (कॅपिटल एस) लावलं, काहीच सापडलं नाही. कुठल्या पॅकेजात येते ती? सकाळपासून पावत्या हाताने लिहितोय, गेटबाहेर ट्रकची रांग लागलीय.

सातपूरकर:
भाऊ, डीपीकेजी -एस फक्त बसवलेल्या पॅकेजांच्या याद्या चाळतं. न बसवलेल्यासाठी एपीटी-फाइल हवं. ते टाका, मग एपीटी-फाइल अपडेट नक्की करा, आणि एपीटी-फाइल सर्च एलडी-लिनक्स.एसओ.२. लिबसी६-आय३८६ मिळेल.

लॅबवाली_मॅडम:
मिळेल, पण ते टाकू नका. त्यात लोडर (प्रोग्राम सुरू करून देणारी तुमची ती हरवलेली फाइल) आणि सी लायब्ररी एवढंच येतं, प्रोग्राम पुढच्या लायब्ररीवर अडेल. सरळ डीपीकेजी --ॲड-आर्किटेक्चर आय३८६ (आय३८६ म्हणजे ३२-बिट, याने सगळी ३२-बिट पॅकेजं मिळतात), एपीटी अपडेट, मग लिबसी६:आय३८६ बसवा. त्यानंतर प्रोग्रामवर एलडीडी चालवा, त्याला लागणाऱ्या लायब्ररींची यादी मिळेल. ‘नॉट फाउंड’ असलेलं एकेक नाव एपीटी-फाइलला विचारा आणि पॅकेज टाकताना मागे :आय३८६ लावा.

आणि कळकळीने सांगते, दुसऱ्या मशीनवरची .एसओ (लायब्ररीची फाइल) उचलून /लिबमध्ये टाकू नका. ती फाइल कोणत्याच पॅकेजची राहत नाही. सिक्युरिटी अपडेट तिला शिवत नाही, आणि वर्षभराने बिघडलं की मूळ शोधताना जीव जातो. आमच्या लॅबमध्ये हे झालंय.

डेबियन १२ वर आणखी एक: डीपीकेजी -एस /यूएसआर/बिन/एलएस रिकामं येतं, /बिन/एलएस दिलं की कोअरयुटिल्स. /बिन आणि /यूएसआर/बिन ही जागा एकच, पण पॅकेजच्या यादीत जुना पत्ता आहे. ‘नाही’ आलं की दोन्ही पत्ते बघा.

काटेवाला_अंबड:
मॅडम, झालं! आधी एलडीडी ‘नॉट अ डायनॅमिक एक्झिक्युटेबल’ म्हणायचं, लोडर आल्यावर नीट यादी दिली. त्यात लिबएनकर्सेस.एसओ.५ नव्हती. लिबएनकर्सेस५:आय३८६ टाकलं आणि स्क्रीन उघडली. काट्याचा आकडा मात्र येईना, काटा जोडलेल्या सिरियल पोर्टला ‘परमिशन डिनाइड’. युजरला हे पोर्ट वापरायची परवानगी असलेल्या डायलआउट ग्रुपमध्ये घातलं, लॉगआउट-लॉगिन केलं. आत्ताच पहिली पावती निघाली, सिमेंटच्या गाडीची. सातपूरकर भाऊ, तुमचेही मनापासून आभार.