लाल भोपळ्याचे मसालेदार वॅफल घरी करताना: आपापले अनुभव लिहावेत

लाल भोपळ्याचे वॅफल, म्हणजे चौकटींच्या नक्षीच्या गरम साच्यात दोन्ही बाजूंनी भाजलेला पिठाचा पदार्थ, करताना माझे पहिले तीन प्रयत्न एकाच ठिकाणी अडले. रंग सुरेख यायचा, दालचिनी आणि जायफळाचा दरवळ घरभर पसरायचा, पण ताटलीत घेतल्यावर दोन मिनिटांतच वॅफल लिबलिबीत व्हायचे. मापे काटेकोरपणे पाळलेली असल्यामुळे दोष नेमका कशात आहे, हे कळत नव्हते. चौथ्या वेळी मी भोपळा उकडला नाही. मोठ्या फोडी सालासकट ओव्हनमध्ये २०० अंश सेल्सियसवर सुमारे पाऊण तास भाजल्या, गर मलमलच्या फडक्यात बांधून तासभर टांगून ठेवला आणि खालच्या भांड्यात साचलेले पाणी पाहिल्यावर उलगडा झाला. कच्च्या लाल भोपळ्यात ९० टक्क्यांहून अधिक पाणी असते आणि उकडताना त्यात भरच पडते. ते सगळे पाणी पिठात गेले, तर वॅफल भाजण्याऐवजी आतल्या आत वाफवले जाते. ज्यांनी हे वॅफल केले आहेत, ते जमलेले असोत वा बिघडलेले, त्यांनी आपला अनुभव कारणांसकट लिहावा, अशी विनंती आहे.

* * *

मी गर टांगत नाही, कारण तेवढा वेळ हाताशी नसतो. जाड बुडाच्या कढईत थोडे लोणी वितळवून त्यात मसाल्यांची पूड मंद आचेवर अर्धा मिनिट परतते आणि लगेच गर घालून तो कढईच्या कडा सोडू लागेपर्यंत हलवत राहते. मसाल्यांतील सुगंधी तेले स्निग्ध पदार्थात चांगली उतरतात, त्यामुळे कोरड्या पिठात मसाला मिसळण्यापेक्षा ही रीत मला कितीतरी उजवी वाटते. दोन वाट्या मैद्याला मी एक चमचा दालचिनी, अर्धा चमचा सुंठ, पाव चमचा जायफळ आणि लवंगेची अगदी चिमूटभर पूड घेते. लवंगेच्या बाबतीत मी पूर्वी एकदा फार चुकले होते. वास आवडतो म्हणून अर्धा चमचा पूड घातली, तर जीभ बधिर होऊन भोपळ्याची चवच लागेना. दुसऱ्या दिवशी ते वॅफल अधिकच उग्र लागले. गर पूर्ण गार झाल्याशिवाय त्यात अंडे फोडू नये, हेही आवर्जून सांगते.

* * *

माझा अनुभव वॅफल भाजण्याच्या विजेच्या यंत्राविषयी आहे. झाकण लवकर उघडल्यामुळे माझे वॅफल मधोमध फाटून अर्धे वरच्या आणि अर्धे खालच्या साच्याला चिकटून बसले. सूचक दिवा लागला म्हणजे वॅफल तयार झाले, असे मी समजत होतो. पण तो दिवा साच्याचे तापमान दाखवतो, पिठातला ओलावा त्याला कळत नाही. आता मी फक्त वाफेकडे लक्ष देतो आणि ती जवळजवळ थांबेपर्यंत झाकणाला हात लावत नाही. भोपळ्यातली साखर आणि पिठात घातलेला गूळ यांमुळे रंग लवकर चढतो, म्हणून तपकिरी रंगावर विश्वास ठेवला, तर आतला भाग कच्चा राहतो. त्यासाठी आच मध्यम ठेवून वेळ वाढवणे हाच उपाय मला लागू पडला. डब्यातून फवारायचे तेल मी बंद केले, कारण त्यातल्या लेसिथिन या घटकाचा चिकट थर साच्यावर बसत गेला. ब्रशने लावलेले साधे तेल पुरते.

* * *

आमच्याकडे अंडे चालत नाही. एक वाटी मैद्याला पाव चमचा खाण्याचा सोडा आणि आंबट ताक घेतले, की वॅफल पुरेसे हलके होतात, मात्र पीठ कालवल्यावर थांबून चालत नाही. मैद्यातले दोन चमचे काढून तेवढेच कॉर्नफ्लोअर घातल्यास कुरकुरीतपणा वाढतो.

* * *

रात्रभर यीस्टने फुगवलेल्या पिठाचा प्रयोग मी मोठ्या उत्साहाने केला आणि सकाळी पीठ जेमतेम हललेले दिसले. यीस्ट जुने असेल, असे वाटून नवे आणले, तरी फरक पडला नाही. दालचिनीतल्या सिनॅमाल्डिहाइड या सुगंधी द्रव्यामुळे यीस्टचे काम मंदावते, हे नंतर वाचनात आले. तेव्हापासून मी पीठ मसाल्याशिवाय आंबवते आणि सकाळी साचा तापत असताना मसाला मिसळलेला गर हलक्या हाताने त्यात मिसळते. इतकी सुंदर जाळी मला सोड्याने कधीच मिळाली नव्हती.

* * *

वॅफल उत्तम होऊनही ते वाढेपर्यंत मऊ पडतात, ही माझी अडचण होती. एकावर एक रचले की खालच्याची वाफ वरच्यात शिरते, म्हणून आता मी प्रत्येक वॅफल तारेच्या जाळीवर सुटे ठेवतो आणि सगळे होईपर्यंत ती जाळी १०० अंशांच्या ओव्हनमध्ये सरकवतो. उरलेले पूर्ण गार करून फ्रीझरमध्ये ठेवतो आणि बर्फ न वितळवता थेट टोस्टरमध्ये घालतो, ते जवळजवळ ताज्यासारखेच लागतात. एक वॅफल मात्र मी मुद्दाम ताटलीवर झाकून ठेवतो, कारण वडिलांचे दात गेल्यापासून त्यांना ते तसे वाफेने मऊ झालेलेच खाता येते.