उत्तर: हस्तकलेच्या वस्तूंची किंमत कशी ठरवावी?

ताई, ‘साहित्याच्या दुप्पट किंमत लावा’ हा वरचा सल्ला क्रोशाच्या कामाला एक वेळ चालेल, आम्हा नारळाच्या करवंटीच्या वाट्या, दिवे बनवणाऱ्यांना नाही. करवंटी घरात फुकटच पडलेली असते, फुकटाच्या दुप्पट किती? खरा खर्च घासण्याचा. आधी ८० नंबरचा खरखरीत पॉलिश पेपर, मग २२०, शेवटी बारीक ४००. एका वाटीला दोन तास सहज जातात, वर नाकातोंडात भुसा. मी ताशी मजुरी धरते, त्यात पेपर, वीज आणि बाजाराला जायचं भाडं मिळवते. आमच्या गोव्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात घासाघीस होणारच, तेवढी जागा ठेवायची. हणजुण्याच्या बुधवारच्या बाजारात गिऱ्हाईक वेगळं, तिथे दिवे आणि कानातली जास्त खपतात.

पावसाळ्याचं मात्र आधीच सांगते. पहिल्या वर्षी वाट्यांना खोबरेल चोळून जुलैत पुण्याला पार्सल केलं. पोचेपर्यंत आत पांढरी बुरशी! पैसे परत केले, भाडंही माझ्याच अंगावर. आता उन्हात कडकडीत वाळवून मेण लावते. पावसात नुसता माल करून ठेवायचा, विक्री गणेश चवथीनंतर बघायची.

तुम्ही नक्की काय बनवता, ते लिहिलं नाहीत?