'द लेडीकिलर्स' संथ आहे म्हणे!

वाशीचा_बाळ्या:
काल कोंडाजींनी लिहिलं की जुने ब्रिटिश विनोदी सिनेमे म्हणजे चहाचे कप आणि तोंडातल्या तोंडात पुटपुटणं, 'द लेडीकिलर्स' दीड तास बघून एकदाही हसू आलं नाही, आणि आपल्याकडचे लोक कौतुक करतात ते फक्त आम्हाला इंग्रजी कळतं हे दाखवायला. रात्री वाचलं आणि झोपच उडाली.

अहो, मी दहावीपर्यंत मराठी मीडियमचा. पहिल्यांदा बघितला तेव्हा निम्मे संवाद डोक्यावरून गेले, तरी पोट धरधरून हसलो. पाच दरोडेखोर एका म्हातारीच्या घरी येऊन आम्ही वादक आहोत सांगतात, बॉकेरिनी या जुन्या संगीतकाराची रेकॉर्ड लावतात, आत दरोड्याचा बेत, आणि बाई सारखी दार ठोठावून चहा घेणार का विचारते! नळाला पाणी यावं म्हणून ती पाइपावर लाकडी हातोडा घालते. भिंतीवरची तसबीर कितीही सरळ केली तरी वाकडीच, कारण युद्धात बॉम्ब पडून घर खचलेलं. 1955 चा सिनेमा, रेशनिंग संपून जेमतेम दीड वर्ष झालेलं. घर वाकलं, देश दमला, पण बाईची रीतभात तसूभर हलत नाही आणि पाच राक्षस तिच्यापुढे शाळकरी पोरं होतात. केटी जॉन्सन तेव्हा पंच्याहत्तरीच्या पुढच्या होत्या, बाफ्टा, म्हणजे ब्रिटिश सिनेमाचा मोठा पुरस्कार, मिळाला त्यांना. हे भांडी घासता घासता बघायचं काम नाही.

कोंडाजी:
भांडी नव्हतो घासत. नाइट शिफ्ट करून आलो होतो, लाइट बंद करून नीट बघितला. हसू यायला आधी रेशनिंगचा इतिहास वाचावा लागत असेल तर तो विनोद कसला, अभ्यास झाला. मला तर 2004 चा टॉम हँक्सवाला जास्त आवडला, निदान काहीतरी घडतं तरी त्यात. आणि इंग्रजी दाखवण्याबद्दल बोललो ते खरंच आहे, आमच्या ऑफिसात दोन नग आहेत असे.

सोलापुरी_चादर:
पुटपुटण्याबद्दल कोंडाजी बरोबर आहेत. सबटायटल संवादाच्या दोन सेकंद मागे, विनोद होऊन गेल्यावर कळतो. पण 'व्हिस्की गलोर' बघा, 1949 चा. व्हिस्कीने भरलेलं जहाज बेटापाशी अडकलंय, खरंच घडलेलं हे, 1941 मध्ये स्कॉटलंडच्या एरिस्के बेटाजवळ. गाव महिनोन्महिने तहानलेलं, निघायच्या बेतात आणि रविवार लागतो. रविवारी काम करायचं नाही! समोर पेट्याच्या पेट्या दिसतायत आणि सगळे संकष्टीला चंद्रोदयाची वाट बघावी तसे बसलेत. माझ्या आजीने बघितला, एक शब्द इंग्रजी येत नाही, डोळ्यातून पाणी येईपर्यंत हसली.

थेम्सकाठची:
तुम्ही सगळे त्याच 'लेडीकिलर्स'मधल्या पीटर सेलर्स या नटाबद्दल गप्प का? 1960 मध्ये 'द मिलियनेअरेस'मध्ये हाच माणूस चेहरा रंगवून भारतीय डॉक्टर झाला, सोफिया लॉरेनबरोबरचं ते 'गुडनेस ग्रेशस मी' गाणं निघालं आणि इथे इंग्लंडात प्रत्येक गोऱ्याच्या तोंडात तो हेल बसला. माझे बाबा 1970 च्या दशकात लेस्टरला एका कारखान्यात होते, रोज सकाळी कार्ड पंच करताना फोरमन तेच गाणं म्हणायचा. बाबा हसायचे, घरी आल्यावर जेवायचे नाहीत. क्लासिक क्लासिक म्हणताना हे पण सांगा.

कोंडाजी:
घ्या! आणि 'द पार्टी' विसरलात, त्यातही सेलर्स भारतीयच झालाय.

वाशीचा_बाळ्या:
'द पार्टी' हॉलिवूडचा आहे, ब्रिटिश नाही. आणि ताई, वाईट वाटलं वाचून, पण एका नटाचं पाप सगळ्या सिनेमांवर कशाला? 'लेडीकिलर्स' काढणाऱ्या ईलिंग स्टुडिओच्या त्या म्हातारीने कोणाचं काय वाकडं केलं?

थेम्सकाठची:
एका नटाचं? 1968 चा 'कॅरी ऑन अप द खैबर' बघा. वेल्सच्या डोंगरात खैबर खिंड उभी केली, गोऱ्यांना रंगवून खान केलं, आणि 1999 मध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या शंभर उत्तम ब्रिटिश सिनेमांच्या यादीत तो 99 वा. तुम्हाला वाशीत बसून सोपं आहे हो, शाळेच्या बसमध्ये तो हेल ऐकलेला नाही तुम्ही.

गोष्टीवेल्हाळ:
त्याच 1968 साली आपण 'पडोसन' काढला. मेहमूदचा मद्रासी मास्तर बघून आख्खं थिएटर हसलं, आजही हसतं. माझा रूममेट मदुराईचा होता, कॉलेजात चार वर्षं आम्ही त्याला तसंच बोलायला लावायचो. त्याने नंतर आमच्यातल्या एकालाही लग्नाला बोलावलं नाही. मला आजही ते खुपतं.

सोलापुरी_चादर:
'पडोसन'ला हात लावायचा नाही हां, त्यात प्रेम आहे.

थेम्सकाठची:
फोरमनलाही प्रेमच वाटायचं.

वाशीचा_बाळ्या:
ताई, यावर माझ्याकडे उत्तर नाही. 'मिलियनेअरेस' आणि 'खैबर' मी कोणाला बघा म्हणणार नाही. पण 'काइंड हार्ट्स अँड कोरोनेट्स'मध्ये ॲलेक गिनेस एकटा आठ खानदानी लोक होतो, त्यात एक बाई, आणि सरदार घराण्याने टाकून दिलेल्या मुलीचा पोरगा त्यांना एकेक करून संपवतो, अगदी गोड बोलत. शेवटी शेवटी एक वर्णद्वेषी शब्द आहे त्यात, तो सलतो, लपवत नाही. पण त्यांच्याच उमरावशाहीवर 1949 मध्ये इतका कडवट सिनेमा त्यांनीच काढला. अमेरिकेत तर खुनी सुटला असं वाटू नये म्हणून शेवट वाढवावा लागला.

थेम्सकाठची:
तो बाबांना आवडायचा, खरं सांगायचं तर. लॉर्ड मंडळी मरायला लागली की खुर्ची पुढे ओढून बसायचे. म्हणून सगळं माफ असं नाही.

कोंडाजी:
एवढं भांडलात म्हणून काल रात्री 'द लॅव्हेंडर हिल मॉब' लावला. आयफेल टॉवरच्या जिन्यावरून ते दोघं चोर शाळेच्या पोरींच्या मागे गोल गोल धावत सुटतात, चोरलेलं सोनं वितळवून केलेले छोटे टॉवर पोरींकडे, टोप्या उडतात आणि चक्कर येऊन दोघं वेड्यासारखे हसायला लागतात, तिथे मी पण हसलो. बायको उठून बघायला आली. ऑफिसातल्या त्या दोघांबद्दलचं मत मात्र तेच आहे, आणि 'लेडीकिलर्स' संथच आहे.

वाशीचा_बाळ्या:
त्याच दिग्दर्शकाने, चार्ल्स क्रायटनने, 1988 मध्ये 'अ फिश कॉल्ड वाँडा' केला, सत्तरी उलटल्यावर. तो लावा आता, त्यात भरपूर घडतं. वहिनींना पहिल्यापासून बसवा.