सुट्या पैशांत सापडलेले वेगळे नाणे खरोखर दुर्मीळ आहे का, हे कसे ठरवावे?

नवसंग्राहक

नमस्कार. गेल्या काही महिन्यांपासून हाती येणारी सुटी नाणी खर्च करण्यापूर्वी मी भिंगाखाली पाहून घेतो. त्यांतली दोन नाणी बाजूला ठेवली आहेत. पहिल्यावर सालाचे आकडे आणि जवळची अक्षरे दुहेरी दिसतात. प्रत्येक अक्षराच्या उजव्या अंगाला त्याचीच बारीक सावली पडल्यासारखे वाटते. दुसऱ्याच्या कडेवर मजकूर आहे आणि नाणे छापा वर करून धरले की तो मजकूर उलटा दिसतो, जो माझ्याकडच्या त्याच प्रकारच्या आणखी एका नाण्यावर सुलटा आहे. अशी नाणी विक्रीच्या संकेतस्थळांवर 'अत्यंत दुर्मीळ' म्हणून मांडलेली पाहिली. मला विकण्याची घाई नाही, पण कशाला दुर्मीळ म्हणावे हे नीट समजून घ्यायचे आहे. त्या साली किती नाणी पाडली गेली यावरून हे कळते का, की आणखी काही पाहावे लागते?

साचेकर

आपण विकण्याआधी समजून घेऊ इच्छिता, हे वाचून फार बरे वाटले. माझ्या मते पहिला प्रश्न 'हे दुर्मीळ आहे का' हा नसून 'हा फरक कोणत्या टप्प्यावर पडला' हा असावा. फरक साच्यातच, म्हणजे धातूच्या कोऱ्या चकतीवर ठोकून चित्र व अक्षरे उमटवणाऱ्या साधनातच, असेल, तर तो साचा बाद होईपर्यंत पाडलेल्या प्रत्येक नाण्यावर तो जसाच्या तसा उतरतो, आणि एका साच्यातून लाखो नाणीही निघू शकतात. संग्राहक ज्याला 'व्हरायटी' म्हणतात ती ही. फरक ठोका पडताना झाला असेल, म्हणजे चकती सरकली किंवा ती अपुऱ्या आकाराची होती, तर तो त्या एका नाण्यापुरता असतो आणि त्याला 'एरर' म्हणतात. नाणे टांकसाळीबाहेर पडल्यानंतर कोणी ते घासले, ठोकले किंवा आम्लात बुडवले असेल, तर तो केवळ बिघाड होय. असे नाणे कितीही चमत्कारिक दिसले तरी त्याची गणना यांपैकी कशातच होत नाही.

आता आपले दुहेरी अक्षरांचे नाणे. भिंग दहापट मोठे दाखवणारे असावे आणि प्रकाश एका बाजूने तिरपा पडावा. अक्षराशेजारची सावली सपाट, मूळ अक्षराहून बुटकी आणि पायरीसारखी दिसते का? मूळ अक्षर त्या बाजूने अरुंद झालेले दिसते का? तसे असेल, तर ठोक्याच्या क्षणी साचा किंचित हलला आणि नुकत्याच उठलेल्या अक्षराची बाजू चेपली, एवढेच घडले आहे. हा प्रकार इतका सर्रास आढळतो की तो बाजूला ठेवण्यातही अर्थ नसतो. साचाच दुहेरी असेल तर चित्र वेगळे दिसते: दोन्ही अक्षरे फुगीर व गोलसर असतात, अक्षराची जाडी घटण्याऐवजी वाढते आणि त्याच्या टोकांना, जिथे दोन ठसे वेगळे होतात, तिथे स्पष्ट खाच दिसते. त्या खाचेकडे सर्वांत आधी पाहावे.

याचे कारण साचा बनवण्याच्या जुन्या पद्धतीत आहे. मूळ ठसा साच्यावर एकाहून अधिक वेळा दाबावा लागे, आणि दोन दाबांच्या मध्ये साचा किंचित फिरला तर दोन प्रतिमा कायमच्या उमटत. १९५५ चे अमेरिकी एक सेंटचे नाणे असेच घडले. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत चूक लक्षात आली तोवर ही नाणी चांगल्या नाण्यांच्या ढिगात मिसळली होती, आणि त्यांतली सुमारे २० ते २४ हजार चलनात गेली असे मानले जाते. त्या नाण्यावरचे साल नुसत्या डोळ्यांनीही दुहेरी दिसते. पुढे अनेक टांकसाळींनी एकाच दाबात साचा घडवण्याची पद्धत स्वीकारली, त्यामुळे अलीकडच्या नाण्यांवर साच्यातले दुहेरीपण आढळलेच तर ते बहुधा अगदी सूक्ष्म आणि नाण्याच्या मध्यभागाजवळ असते. कडेजवळच्या सालावर ठळक सावली दिसत असेल आणि नाणे अलीकडचे असेल, तर मी तरी प्रथम साधा ठोक्याचाच दोष गृहीत धरतो.

तोळामासा

वरील विवेचनाशी मी सहमत आहे. कडेच्या मजकुराबद्दल थोडे सांगतो, कारण या एका गोष्टीने नवख्या माणसांची सर्वाधिक फसवणूक होते आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते. ब्रिटनच्या दोन पौंडांच्या नाण्यावर कडेची अक्षरे ठोक्याआधीच उमटवलेली असतात. त्यानंतर चकती यंत्रात कोणत्या बाजूने पडेल यावर कोणाचे नियंत्रण नसते, त्यामुळे साधारण निम्म्या नाण्यांवर मजकूर सुलटा आणि निम्म्यांवर उलटा येतो. अमेरिकेने २००७ पासून काढलेल्या राष्ट्राध्यक्षांच्या डॉलर नाण्यांवर अक्षरे ठोक्यानंतर उमटवली गेली, तरी दिशेच्या बाबतीत परिणाम तोच झाला. जे निम्म्या नाण्यांवर आढळते त्याला दुर्मीळ म्हणणे म्हणजे लोकांची दिशाभूल करणे होय. याउलट जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या त्याच मालिकेतल्या काही डॉलरांच्या कडेवर अक्षरेच उमटली नव्हती. ती खरी चूक होती.

आपण विचारलेला एकूण संख्येचा आकडा उपयोगाचा आहे, पण तो कशाचा आहे हे पाहावे लागते. ब्रिटनने २००९ मध्ये क्यू गार्डन्स या लंडनच्या वनस्पती उद्यानाचे चित्र असलेले ५० पेन्सचे नाणे काढले. चलनासाठी ती २,१०,००० पाडली गेली. तिथे आकडा थेट त्या चित्राचाच आहे, म्हणून तो बोलका आहे. परंतु २००८ मध्ये २० पेन्सच्या नाण्याचे साल काट्याकडून छाप्याकडे नेताना जुना छापा आणि नवा काटा यांची जोडी लागली आणि सालच नसलेली नाणी बाहेर पडली, तेव्हा ती कोट्यवधींच्या वार्षिक संख्येत मिसळलेली होती. त्या वर्षाच्या आकड्यावरून त्यांची संख्या कशी कळणार?

दोन प्रकार सहज ओळखता येतात म्हणून त्यांपैकी एक दुर्मीळ असलाच पाहिजे, असेही नाही. ब्रिटनची १९९८ ची दोन पेन्सची काही नाणी कांस्याची आहेत आणि काही तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाची. पोलादी नाणे चुंबकाला चिकटते, कांस्याचे चिकटत नाही. फरक अगदी खरा आहे, पण दोन्ही कोट्यवधींनी निघाली.

मला सर्वांत शिकवून गेलेले उदाहरण १९८२ च्या अमेरिकी सेंटचे आहे. त्या वर्षी तांब्याच्या मिश्रधातूऐवजी तांब्याचा मुलामा दिलेले जस्त वापरायला सुरुवात झाली, म्हणून वजन ३.११ ग्रॅमवरून २.५ ग्रॅमवर आले. सालाचे आकडेही मोठे आणि लहान अशा दोन घडणींचे होते, आणि टांकसाळीची खूण, म्हणजे नाणे कुठल्या टांकसाळीत पाडले ते सांगणारे अक्षर, कधी होती तर कधी नव्हती. दोन धातू, दोन घडणी आणि खुणेचे दोन पर्याय मिळून आठ जोड्या होतात. त्यांतल्या सात सर्वत्र आढळतात. आठवी, म्हणजे डेन्व्हरच्या खुणेची, लहान सालाची आणि तांब्याची, २०१६ मध्ये उजेडात आली आणि तिची अगदी मोजकी नाणी माहीत आहेत. म्हणजे सुटे सुटे पाहता एकही लक्षण दुर्मीळ नाही. दुर्मीळ आहे ती जोडी, आणि ती वजनकाट्यावर ठेवल्याशिवाय कळत नाही. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा काटा भिंगाइतकाच जवळ असावा, मात्र दोन-तीन शतांशांचा फरक नेहमीचाच असतो हेही ध्यानात ठेवावे.

पानगळ

एक विनंती आहे. नीट दिसावे म्हणून नाणे घासू नका, पॉलिशही लावू नका. पृष्ठभागावरची मूळ झळाळी एकदा गेली की खरी व्हरायटीदेखील मातीमोल होते. धूळ असेल तर साध्या पाण्यात बुडवून ठेवावे आणि न चोळता मऊ कापडावर टिपून घ्यावे. संकेतस्थळावर विक्रेत्याने मागितलेली रक्कम पाहू नये, प्रत्यक्ष पूर्ण झालेल्या विक्रीची नोंद पाहावी. मागायला कोणालाच काही लागत नाही.

नवसंग्राहक

आपणा सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. काल रात्री दिव्याचा प्रकाश तिरपा पाडून पहिले नाणे पुन्हा पाहिले. सावली सपाट आणि चकचकीत आहे, अक्षरे उजवीकडून अरुंद झाली आहेत आणि खाच कुठेच नाही. कडेच्या मजकुराची नाणी घरात होती तेवढी सगळी एकत्र केली. एकूण २६ भरली, त्यांपैकी उलट्या मजकुराची १२ निघाली. दोन्ही नाणी आता खर्चाच्या डब्यात गेली आहेत. हे करताना मात्र आणखी एक नाणे हाती लागले: छाप्यावर कडेपासून अक्षरांच्या मधून आत जाणारी केसासारखी बारीक, उठावाची रेघ आहे. नखाला ती लागते.

साचेकर

रेघ उठावाची आहे, खोलगट नाही, म्हणजे तो ओरखडा नव्हे. साच्याला तडा गेला की धातू त्या फटीत शिरतो आणि नाण्यावर अशी रेघ उठते. असे तडे नेहमी आढळतात, म्हणून एवढ्यावरून नाणे दुर्मीळ ठरत नाही. पण हा फरक साच्यातलाच आहे. त्याच सालाची आणखी नाणी जमवून पाहा. त्याच जागी आखूड रेघ असलेले नाणे सापडले, तर ते त्याच साच्यातून आधी निघालेले असेल. रेघ लांबलेली असेल, तर नंतर निघालेले. छायाचित्र काढून रेघेची लांबी मोजून ठेवा.