सायनसचा कॅन्सर : डोळा काढावाच लागतो का?

सातरस्ता
आमचे आप्पा सुतारकाम करतात, वय ६१. सहा महिने डावं नाक चोंदलेलं, रुमालाला रक्त. वरची दाढ हलायला लागली म्हणून काढली, तर खड्डा भरेचना. तेव्हा कुठं बायोप्सी झाली. गालाच्या सायनसचा, म्हणजे गालाच्या हाडातल्या पोकळीचा, कॅन्सर निघाला. संमतीपत्रावर ‘गरज पडल्यास डोळा काढणे’ लिहिलंय. आप्पा सहीच करेनात. "एका डोळ्यानं गुण्या (काटकोन बघायचं हत्यार) कसा धरू?" म्हणतात. अजून नीट दिसतंय, मग डोळा कशाला काढायचा?

कडकभाकरी
माझं हेच ऑपरेशन झालंय, उजव्या बाजूचं. दिसतंय म्हणजे डोळा सुटला असं नसतं, मलाही दिसत होतं. सायनसचं छत म्हणजेच डोळ्याच्या खोबणीची फरशी. आमच्या डॉक्टरांनी उकडलेल्या अंड्यावर समजावलं : हाड म्हणजे कवच, आत पातळ पापुद्रा. गाठीनं कवच खाल्लं पण पापुद्रा शाबूत असेल, तर डोळा ठेवतात. पापुद्र्याला थोडं लागलं असेल तर तेवढाच कापूनही कधी भागतं. आतल्या स्नायूंत किंवा खोबणीच्या पार मागच्या टोकाला शिरली, तर मात्र काढावा लागतो. सीटीत हाड दिसतं, पापुद्रा एमआरआयवर जास्त कळतो. तरी निकाल ऑपरेशनच्या टेबलावरच. तुकडा तिथल्या तिथं तपासतात, फ्रोझन सेक्शन. म्हणून ती ओळ आधी लिहून घेतात. माझ्याही कागदावर होती, डोळा जागेवर आहे.

पण जागेवर म्हणजे पहिल्यासारखा नाही हां. खाली टायटॅनियमची जाळी आहे, तरी वर बघितलं की दोन-दोन दिसतं. रेडिएशननंतर पाणी गळतं. गड्ड्याच्या जत्रेतल्या धुळीत जायचं सोडलं. आणि डोळ्यापेक्षा टाळूनं छळलं. अर्धी गेली, तिथं प्लेट बसवतो. प्लेट काढून चहा प्यालो की नाकातून येतो.

नवीपेठ
दुसरं मत घ्यायचं तर सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मुंबईला, परळच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलला जाऊन या. नुसता रिपोर्ट नको, एमआरआयची सीडी आणि बायोप्सीच्या स्लाइड्स न्या. काही गाठी आधी केमोनं लहान करून बघतात, तेही विचारा. आणि तुम्हीही सुतारकामात असाल तर मास्क लावा. लाकडाचा भुसा नाक-सायनसच्या कॅन्सरचं माहीत असलेलं कारण आहे.

सातरस्ता
आप्पांना वाचून दाखवलं. म्हणाले, "म्हणजे वाळवीनं फळी खाल्ली, आतलं अस्तर राहिलंय का एवढंच बघायचं ना?" एमआरआय सोमवारी आहे. कडकभाकरी काका, ती प्लेट रात्री काढून ठेवायची असते का? ते विचारतायत.