मूळ वाकलेला समोरचा दात हिरडीत अडकला आहे : काढावा की ओढून खाली आणावा?

कृष्णाकाठची_आई
माझी मुलगी साडेनऊ वर्षांची आहे. तिचा वरचा डावा पटाशीचा दात सातव्या वर्षी आला, उजवा मात्र अजून आलेला नाही. ती तीन वर्षांची असताना पायरीवर आपटली होती. तेव्हा दुधाचा दात हिरडीत आत घुसला आणि पुढे तो काढावा लागला. ओपीजीमध्ये, म्हणजे संपूर्ण जबड्याच्या एक्स-रेमध्ये, नीट उलगडा होईना म्हणून सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय स्कॅन) काढला. कायमचा दात आत आहे, परंतु त्याचा माथा वर नाकाच्या दिशेने वळला आहे, मूळ मध्यावर वाकलेले आहे आणि मुळाचे टोक अजून बंद झालेले नाही, असे त्यात दिसले. मिरजेतील एक डॉक्टर म्हणतात की हा दात काढून टाकावा. सांगलीच्या ऑर्थोडॉन्टिस्ट (तारा लावून दात सरळ करणाऱ्या डॉक्टर) म्हणतात की शस्त्रक्रियेने उघडा करून तारेने ओढून पाहावा. आमची तयारी ५० हजारांपर्यंत आहे. ज्यांनी हे करून घेतले आहे त्यांनी कृपया अनुभव सांगावेत.

वाळवंटी_पुणेकर
अजिबात ओढाताण करू नका. दात काढा आणि इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवायचे कृत्रिम मूळ, बसवून मोकळे व्हा. मी गेल्या सुटीत पुण्यात उत्तम प्रतीचे इम्प्लांट आणि झिर्कोनियाची कॅप बसवून घेतली. खर्च लाखाच्या वर गेला, पण दाताच्या बाबतीत पैशाकडे पाहू नये.

हिरवा_चाफा
पुणेकर, मुलगी साडेनऊ वर्षांची आहे. इम्प्लांट हाडाला चिकटून एका जागी राहते आणि शेजारचे दात जबड्याच्या वाढीबरोबर खाली सरकत जातात, म्हणून वाढ पूर्ण होईपर्यंत, म्हणजे निदान १८-२० वर्षांपर्यंत, ते कोणी बसवत नाही. तोवर दहा वर्षे ती शाळेत काय करणार?

वाळवंटी_पुणेकर
तोवर काढता-घालता येणारा खोटा दात लावता येतो. माझ्या पुतण्याने लावला होता.

रांगडा_सातारकर
माझ्या मुलाचा सुळा असाच अडकला होता. मुंबईच्या शासकीय दंत महाविद्यालयात आम्ही अगदी थोड्या खर्चात सुळा ओढून आणला. तिथे वेळ फार जातो, रांगा लांब असतात आणि विद्यार्थी बदलले की सगळी हकीकत पुन्हा सांगावी लागते, पण प्राध्यापकांची नजर असते. सुळा येतो तर पटाशीचा दात का येणार नाही? डोळे झाकून ओढून घ्या.

दंतवैद्य_नागपूर
सुळ्याची गोष्ट इथे जशीच्या तशी लागू होत नाही. अडकलेला सुळा बहुधा टाळ्याच्या बाजूला असतो आणि त्याचे मूळ पुष्कळदा बरेच सरळ असते. इथे माथाच उलटा फिरला आहे. दुधाच्या दाताच्या मुळाजवळच कायमच्या दाताचा अंकुर असतो. दुधाचा दात आत घुसला की तोवर तयार झालेला भाग ढकलला जाऊन कलतो आणि उरलेला भाग मूळच्या दिशेनेच वाढत राहतो, त्यामुळे बाक येतो. प्रत्येक वाकलेल्या मुळामागे मार असतोच असे नाही, परंतु तुमच्या वर्णनात तो स्पष्ट आहे.

निर्णय तीन गोष्टींवर ठरतो : बाक किती अंशांचा आहे, तो मुळाच्या कोणत्या भागात आहे आणि मूळ किती वाढायचे बाकी आहे. टोक उघडे असणे ही तुमची जमेची बाजू आहे, कारण दात लवकर सरळ दिशेला आणला तर उरलेले मूळ बऱ्या दिशेने वाढण्याची शक्यता राहते. म्हणून उशीर करू नये.

शंकासुर
इतक्या लहान मुलीचा सीबीसीटी काढलाच कशाला? किरणोत्सर्गाचा विचार कोणी करतच नाही.

दंतवैद्य_नागपूर
साध्या एक्स-रेमध्ये दात ओठाकडे वळला आहे की टाळ्याकडे, आणि शेजारच्या मुळाला चिकटला आहे का, हे खात्रीने कळत नाही. केवळ पुढच्या भागापुरता लहान सीबीसीटी घेता येतो. तपासणी होऊन गेली आहे. आता त्यावर वाद नको.

हिरवा_चाफा
आता आमचा अनुभव. माझ्या मुलाचा दात हुबेहूब असाच होता. आधी दाढा आणि पुढचे दात एवढ्यांनाच तारा लावून रिकामी जागा वाढवली, कारण शेजारचा दात त्या जागेत कलला होता. मग तेवढ्या भागापुरती भूल देऊन हिरडी उघडली, दातावर बारीक साखळी असलेले बटण चिकटवले आणि हिरडी पुन्हा शिवली. साखळीचे टोक बाहेर ठेवून दर महिन्याला हलका ताण देत होते. मध्ये बटण निसटले आणि त्या दवाखान्याने शस्त्रक्रियेचे पूर्ण पैसे पुन्हा घेतले, याचा मला अजून राग आहे. बटण निघाले तर काय, आणि दात हाडाला चिकटलेला निघून हललाच नाही तर पुढे काय, हे दोन्ही आधीच कागदावर लिहून घ्या.

दात दीडेक वर्षात खाली आला. मुळाचे टोक ओठाच्या आतल्या बाजूला हाताला लागू लागले, म्हणून रूट कॅनॉल करून तेवढे टोक कापावे लागले. हिरडीची कड शेजारच्या दातापेक्षा किंचित वर आहे. तरीही तो त्याच दाताने पेरू खातो, आणि उद्या हा दात गेलाच तरी तोवर हाड टिकलेले असेल, म्हणून आम्हाला पश्चात्ताप नाही.

रांगडा_सातारकर
म्हणजे मी म्हणालो तेच झाले. ओढून घ्या. आणि मुंबईलाच जा.

दंतवैद्य_नागपूर
हाडाचा मुद्दा महत्त्वाचा आहे. दात आता काढला तर त्या जागेचे हाड बारीक होत जाते आणि विसाव्या वर्षी इम्प्लांटसाठी आधी हाड भरावे लागू शकते. वाकडा दातही दहा-बारा वर्षे टिकला तर त्याने आपले काम केले असे मी मानतो. बाक फारच तीव्र असेल तर काढणे योग्य ठरते. त्या वेळी शेजारचे दात सरकवून जागा बंद करणे किंवा तिचीच खालची अथवा वरची लहान दाढ काढून तिथे रोवणे हेही पर्याय असतात. दर महिन्याला मुंबईला जाण्याची गरज नाही. सांगली-मिरज परिसरातच खासगी दंत महाविद्यालये आहेत, तिथे तिसरे मत घ्यावे. सुरुवात मात्र याच महिन्यात करावी.

कृष्णाकाठची_आई
सर्वांचे आभार. आम्ही दात काढणार नाही आणि तिसऱ्या मतासाठीही जाणार नाही. सांगलीच्या डॉक्टर हप्त्याने पैसे घ्यायला तयार आहेत आणि मुलगी त्यांच्याकडे न रडता तोंड उघडते, हे आम्हाला पुरेसे आहे. सुरुवात वार्षिक परीक्षा झाल्यावर करू.

दंतवैद्य_नागपूर
परीक्षेला अजून तीन महिने आहेत. निदान जागा करण्यापुरत्या तारा आताच लावता येतील. त्याला परीक्षेची आडकाठी नाही.

कृष्णाकाठची_आई
तारासुद्धा परीक्षेनंतरच लावू. मुलीने तसे कबूल करवून घेतले आहे. हिरवा चाफा, साखळी बाहेर असताना दात कसे घासत होता?

हिरवा_चाफा
टाके असेपर्यंत डॉक्टरांनी दिलेल्या द्रवाने चुळा भरायच्या, नंतर मऊ ब्रशने साखळीच्या खालून वरून हळू घासायचे. चिक्की, उसाचे करवे आणि च्युइंग गम पूर्ण बंद ठेवा. आमचे बटण चिक्कीनेच निघाले, असे दवाखान्याचे म्हणणे होते.