कॅमेरा आणि प्रकाशयोजनेचे काम शिकायचे आहे. सुरुवात कोठून करावी?

प्रश्न : कोथरूडकर

नमस्कार. माझे वय चोवीस असून वाणिज्य शाखेची पदवी घेतल्यापासून, म्हणजे गेली दोन वर्षे, मी पुण्यात लग्नसमारंभाचे छायाचित्रण करणाऱ्या एका व्यावसायिकाकडे मदतनीस म्हणून काम करतो. चित्रपटाच्या कॅमेरा किंवा प्रकाश विभागात काम करण्याची माझी मनापासून इच्छा आहे. मात्र त्यासाठी लागणारे ज्ञान आपल्याजवळ नाही, हे गेल्या महिन्यात मला फार स्पष्टपणे कळून आले.

सदाशिव पेठेतील एका जुन्या वाड्यात आम्ही मित्रांनी रात्री लघुपटाचे चित्रीकरण केले. स्वयंपाकघरातील ट्यूबलाइट तशीच ठेवली आणि बाजूला एक पिवळा हॅलोजन लावला. घरी येऊन पाहिले तेव्हा भिंतीवरून काळसर पट्टे सरकत होते आणि अभिनेत्रीचा अर्धा चेहरा हिरवट, तर अर्धा नारिंगी दिसत होता. शिवाय एक-एक हजार वॅटचे दोन दिवे एकाच बोर्डावर लावल्यामुळे फ्यूज उडाला आणि वाड्याचे वृद्ध मालक बॅटरी घेऊन जिन्यात येऊन उभे राहिले. त्यांची क्षमा मागताना मला फार संकोच वाटला.

माझ्याजवळ दीड लाख रुपये साठलेले आहेत. त्यातून चांगला कॅमेरा घ्यावा, फिल्म इन्स्टिट्यूटच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करावी, की सरळ मुंबई गाठावी? या क्षेत्रात प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर : टेप_आणि_खडू

मी अकरा वर्षे कॅमेरा विभागात आहे आणि त्यांतील शेवटची सहा वर्षे फोकस पुलर म्हणून, म्हणजे चित्रीकरण चालू असताना लेन्सचा फोकस सांभाळणारा म्हणून, काम करतो आहे. कॅमेरा विकत घेऊ नका, हे मी सर्वांत आधी सांगेन. चित्रपटाच्या कामावर सहसा कोणी आपला स्वतःचा कॅमेरा घेऊन येत नाही. कॅमेरा, लेन्स, ट्रायपॉड, मॉनिटर हे सर्व साहित्य भाड्याने देणाऱ्या कंपनीकडून येते आणि त्या साहित्याबरोबर त्याच कंपनीचा कॅमेरा अटेंडंटही येतो. आपल्याकडील हा रिवाज बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसतो, आणि शिकण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग मात्र नेमका त्यातच आहे. अशा एखाद्या कंपनीच्या गोदामात सहा-आठ महिने पडेल ते काम करा. रात्री परत आलेली पेटी उघडून प्रत्येक लेन्स पुसणे, फिल्टर मोजून घेणे, बॅटऱ्या चार्जिंगला लावणे आणि सकाळी निघणाऱ्या साहित्याची यादी ताडून पाहणे ही कामे ज्याने शंभर वेळा केली आहेत, त्याला सेटवर "पोलरायझर कुठे आहे?" असे विचारल्यावर पेटीत शोधाशोध करावी लागत नाही.

तुमच्या काळ्या पट्ट्यांचे कारण सोपे आहे. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तने करते, त्यामुळे साध्या चोकची ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद आणि प्रखर होते. तुम्ही बहुधा सेकंदाला २४ फ्रेम आणि १/४८ शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला १/४८ सेकंद प्रकाश, असे ठेवले असेल. तेथे शटर १/५० ठेवले असते, तर प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला त्या प्रकाशाचे बरोबर दोन ठोके आले असते आणि पट्टे दिसले नसते. शटर अंशांत मोजणाऱ्या कॅमेऱ्यावर २४ फ्रेमसाठी हाच आकडा १७२.८ अंश असा लावतात.

आता फोकसविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण माझा जीव त्यात आहे. पूर्ण आकाराच्या सेन्सरवर ८५ मिलिमीटरच्या लेन्सचे छिद्र एफ २ एवढे मोठे उघडे ठेवून दोन मीटरवरच्या माणसाचे चित्रीकरण केले, तर स्पष्ट दिसणारा पट्टा अवघा सहा-सात सेंटिमीटरचा असतो. माणूस बोलता बोलता किंचित पुढे झुकला तरी डोळे त्यातून बाहेर जातात. म्हणून तालमीच्या वेळी तो जेथे जेथे थांबतो, तेथे आपण जमिनीवर टेप किंवा खडूची खूण करतो आणि कॅमेऱ्याच्या अंगावर वर्तुळातून आडवी रेघ गेल्याचे जे चिन्ह असते, तेथपासून, म्हणजेच सेन्सरच्या पातळीपासून, अंतर मोजतो. लेन्सच्या टोकापासून मोजणे ही नवशिक्याची पहिली चूक असते. आज मोठे मॉनिटर आणि वायरलेस फोकस उपलब्ध असले, तरी मॉनिटरवर चूक दिसते तेव्हा ती रेकॉर्ड होऊन गेलेली असते. त्यामुळे नजर अभिनेत्याच्या खांद्यावर हवी, कारण माणूस चालायला लागण्याआधी त्याचा खांदा हलतो. घरात रोज भिंत, खुर्ची, कपाट यांची अंतरे नजरेने सांगा आणि नंतर टेपने पडताळून पाहा. तीन महिन्यांत तुमचा अंदाज चार बोटांच्या फरकावर येईल.

माझ्या दुसऱ्या वर्षातील एक चूक येथे मोकळेपणाने सांगतो. संध्याकाळच्या घाईत मी एक भरलेले कार्ड रिकामे समजून फॉरमॅट केले. त्यात एका ज्येष्ठ अभिनेत्याचा दिवसभरातला सर्वांत चांगला प्रसंग होता. तो पुन्हा चित्रित झाला, पण पहिल्यासारखा झाला नाही, आणि त्याची खंत मला अजूनही आहे. तेव्हापासून भरलेले कार्ड कॅमेऱ्यातून निघताक्षणी त्याच्या डबीवर लाल टेप लागते आणि दोन वेगवेगळ्या डिस्कवरच्या प्रती उघडून पाहिल्याशिवाय ती टेप निघत नाही.

उत्तर : रंगमंच_दिवे

कोथरूडकर, तुमच्या पत्रातील फ्यूजचा भाग वाचून मला लिहावेसे वाटले. मी एकांकिकांच्या प्रकाशयोजनेतून या क्षेत्रात आलो. पुरुषोत्तम करंडकाच्या दिवसांत भरत नाट्य मंदिरात दिवे टांगण्यापासून माझी सुरुवात झाली आणि आता जाहिराती व मालिकांच्या चित्रीकरणात गॅफर, म्हणजे प्रकाश विभागाचा प्रमुख, म्हणून काम करतो.

प्रकाशाचे सौंदर्य नंतर येते. आधी वीज समजली पाहिजे. हिशेब साधा आहे : वॅटला व्होल्टने भागले की अँपिअर मिळतात. २३० व्होल्टवर १,००० वॅटचा एक दिवा ४.३ अँपिअरहून थोडा अधिक प्रवाह घेतो, दोन दिवे पावणेनऊच्या आसपास जातात, आणि घरातील लहान सॉकेट मात्र पाच-सहा अँपिअरसाठीच बसवलेले असते. फ्यूज उडाला हे तुमचे नशीब समजा. जुन्या वाड्यात फ्यूजच्या जागी कोणी जाड तार घातलेली असती, तर लाकडी तुळयांवरून गेलेली वायर आतल्या आत तापत राहिली असती आणि तुम्हाला ते वास येईपर्यंत कळलेही नसते. २०० वॅटचा एलईडी दिवा सुमारे एक अँपिअरच घेतो, म्हणून अशा ठिकाणी तोच न्यावा. एक्स्टेंशनची केबल नेहमी पूर्ण उलगडावी, कारण गुंडाळीत राहिलेली केबल भाराखाली तापते. स्टँडवर वाळूची पिशवी ठेवल्याशिवाय दिवा वर चढवू नये. हॅलोजनच्या नळीला उघडे बोट लावू नये, कारण बोटाच्या तेलाचा डाग जेथे पडतो तेथे काच अधिक तापून फुटू शकते. मुख्य लाइनला जोडणी मात्र परवानाधारक वायरमननेच करावी. तेथे हौसेला जागा नाही.

रंगमंचावर शिकलेली एक गोष्ट कॅमेऱ्यासमोर मला विसरावी लागली, तीही सांगतो. नाटकात आपण डिमर खाली ओढला की जुना हॅलोजन स्पॉट मंद होता होता तांबूस होत जातो. प्रेक्षकाचा डोळा ते सांभाळून घेतो, पण कॅमेरा घेत नाही. म्हणून चित्रीकरणात अशा दिव्याचा उजेड कमी करायचा असेल तर आम्ही डिमरला हात न लावता दिवा मागे नेतो किंवा त्याच्यापुढे जाळी अथवा ट्रेसिंग पेपर लावतो. तुमच्या अभिनेत्रीचा चेहरा दुरंगी का झाला, याचेही उत्तर याच्याच जवळ आहे. प्रकाशाचा रंग केल्व्हिनमध्ये मोजतात : हॅलोजनचा पिवळसर प्रकाश सुमारे ३,२०० केल्व्हिनचा, दिवसाचा सुमारे ५,६०० केल्व्हिनचा, आणि साध्या ट्यूबमध्ये वरून हिरव्याची भर असते. दोन जातींचे दिवे एकत्र आले की एकतर एक बंद करावा किंवा दिव्यापुढे रंगीत जिलेटिनचा पारदर्शक कागद लावून दोघांना एका रंगावर आणावे. त्या रात्री ट्यूब बंद केली असती, तर पट्टे आणि हिरवेपणा दोन्ही एकदमच गेले असते.

उत्तर : उत्तरेची_खिडकी

मी सिनेमॅटोग्राफर आहे आणि अधूनमधून शिकवते. वरील दोन्ही दादांनी हातांचे शिक्षण सांगितले, त्यात डोळ्यांच्या शिक्षणाची थोडी भर घालते.

एक खिडकी, एक खुर्ची आणि घरातील एखादी व्यक्ती एवढेच घ्या; माझ्या सरावासाठी माझी आजी तासन्‌तास बसत असे. ती खिडकीपासून हातभर अंतरावर असताना चेहऱ्याच्या अंधाऱ्या बाजूला आधी पांढरा थर्माकोल धरा, मग काढा, मग त्याच जागी काळे कापड धरा. प्रत्येक वेळी नाकाची सावली, हनुवटीखालचा उजेड आणि डोळ्यांतील चमक यांत काय बदलले ते वहीत लिहा. नंतर खिडकी बंद करून तोच प्रयोग एका उघड्या बल्बने करा. बल्ब एक मीटरवरून दोन मीटरवर गेला की प्रकाश निम्मा न होता चौथाई होतो, म्हणजे एक्स्पोजरचे दोन स्टॉप (प्रकाश निम्मा होण्याच्या दोन पायऱ्या) जातात. खिडकीचा प्रकाश मात्र इतक्या झपाट्याने ओसरत नाही, कारण जवळून पाहता ती मोठी असते. हा फरक पुस्तकातून पाठ होतो, पण त्याची खरी ओळख चेहऱ्यावर पाहूनच पटते.

सुब्रत मित्रा यांनी १९५६ च्या 'अपराजितो'साठी बनारसच्या घराचे अंगण कोलकात्याच्या स्टुडिओत उभारलेले असताना वर पांढरे कापड ताणून त्यावर खालून दिवे मारले आणि आकाशाचा तो सावलीविरहित, मऊ उजेड सेटवर आणला. खरे अंगण त्यांनी किती बारकाईने पाहिले असेल, याचा विचार करा. आपल्याकडे वाड्यांचे चौक आहेत. सकाळी आठला, दुपारी एकला आणि संध्याकाळी पाचला तेथे जाऊन उभे राहा. मेच्या मध्यावर पुण्यात सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो, तेव्हा डोळ्यांच्या खोबणी कशा काळ्या पडतात आणि शहाबादी फरशीवरून उसळलेला उजेड त्या किती भरून काढतो, हे एकदा पाहिलेत की चित्रीकरणात डोक्यावर स्किमर, म्हणजे ऊन मऊ करणारे पांढरे कापड, कशासाठी ताणतात ते कोणी समजावून सांगावे लागणार नाही.

इन्स्टिट्यूटविषयी सांगायचे, तर १९६० साली प्रभात स्टुडिओच्या आवारात सुरू झालेली ही संस्था तुमच्या घरापासून जवळ आहे. तेथील सिनेमॅटोग्राफीचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा असून त्यासाठी पदवी लागते, आणि ती तुमच्याजवळ आहे. प्रवेशपरीक्षा अवश्य द्या; तेथे अल्पमुदतीचे वर्गही होतात. परंतु निकालाची वाट पाहत वर्ष मोकळे घालवू नका. मुंबईची घाई तर मुळीच करू नका. तेथील मोठ्या कामांवर चित्रपट कामगारांच्या संघटनेचे कार्ड विचारले जाते, आणि ओळख व अनुभव नसताना घरभाड्यातच तुमची पुंजी संपेल.

कोथरूडकर

तिघांचेही मनःपूर्वक आभार. साहित्य भाड्याने देणाऱ्या एका ठिकाणी काल जाऊन आलो. वेतन फारच थोडे आहे, परंतु येत्या सोमवारपासून या असे त्यांनी सांगितले आहे. तेथे दिव्यांचाही विभाग आहे. जाण्यापूर्वी प्रकाश मोजणारा लाइटमीटर घ्यावा का?

रंगमंच_दिवे

लाइटमीटर आत्ता नको, तेथे हाताळायला मिळेल. बुधवार पेठेतून चामड्याचे हातमोजे, एक टेस्टर आणि प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर घ्या. हातमोजे बोटांना घट्ट बसणारे पाहा, म्हणजे ते घालूनही स्टँडचा स्क्रू नीट आवळता येईल. आणि पहिल्या दिवशी पायात रबरी तळव्याचे बंद बूट असू द्या.